मुहूर्तावर सुरू झालेला राउटर

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. काल दसरा झाला. आज सकाळी सहाला उबवणी केंद्रातली पिल्ले मेलेली आढळली. सगळी, नऊ हजारांच्या आसपास. दुपारी वैजनाथने रामहरीला बोलावले. त्याने राउटर बघितला, दुरुस्त केला. चहा घेतला नाही. ज्योतीला उद्यापासून येऊ नको असे सांगितले गेले. सृष्टी संध्याकाळी नेहमीप्रमाणे अभ्यासाला आली. निळीची बाटली संपली. पोळ्या चार केल्या, दोन तिला.

राहीकाकूंच्या डायरीत त्या तारखेला एवढेच आहे. नगरच्या कॉन्व्हेंटात शिकत असताना सिस्टरांनी त्यांना एक शिस्त लावली होती, की झाले ते लिहायचे, वाटले ते नाही. यजमान गेल्यालाही आता अकरा वर्षे झाली, पण शिस्त मोडलेली नाही. त्यामुळे रामहरीला त्या दुपारी काय वाटले ते त्या पानावर सापडणार नाही. ते त्याने स्वतः काकूंना बावीस दिवसांनी सांगितले.

रामहरी चहा न घेता गेला ही गोष्ट मात्र लिहिण्यासारखीच होती. जामखेडात बत्तीस ठिकाणी इंटरनेटची जोडणी त्याच्या हातची. दोन पतसंस्था, रक्त तपासायची लॅब, पेट्रोल पंप, सराफाचे दुकान, मंगल कार्यालय. राउटर कुठे ठेवायचा, तारा कुठून न्यायच्या, कुठल्या यंत्राला कुठला क्रमांक द्यायचा हे सगळे तो एकट्याने करायचा आणि काम चालू असताना कुणी चहा पुढे केला तर हाताने थांबवायचा. सगळे जोडून झाले, दिवे हिरवे झाले, मालक खूश झाला, की हा उठून राउटरची पिन स्वतः उपटायचा. मनात शंभर मोजायचा. पुन्हा लावायचा. सगळे होते तसे परत आले तरच म्हणायचा, आणा चहा. गावात म्हणच पडली होती, काम पक्के झाले का विचारायचे असेल तर लोक विचारत, रामहरीने चहा घेतला का?

हा माणूस असा धास्तावलेला का, हे त्याच्या आईला, झुंबरबाईला, ठाऊक होते. रामहरीचा जन्म कोपरगावच्या बाजूला उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, तोडणीवाल्यांच्या झोपडीत, झाला. झुंबरबाईने सकाळी मोळ्या बांधल्या, दुपारी ती बाळंत झाली आणि नवव्या दिवशी पुन्हा फडात उतरली. पुढे पोरगा शाळेत घातला, पण दसरा-दिवाळी झाली की ट्रक यायचा आणि हजेरीपटात रामहरीच्या नावापुढे उन्हाळ्यापर्यंत आडवी रेघ पडायची. सहावी त्याने तीनदा सुरू केली. पंधराव्या वर्षी तो ट्रकमधून उतरला आणि जामखेडात केबलवाल्याकडे खांबांवर चढायला लागला. केबल गेली, इंटरनेट आले. आठ तारांचे आठ रंग त्याने आरतीसारखे पाठ केले. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा. इंग्रजी अक्षरे ओळखून ओळखून तो राउटरची पाने वाचायला शिकला. अडले की राहीकाकूंकडे यायचा आणि शब्दाचा अर्थ विचारायचा. सेव्ह म्हणजे काय हेही त्याने कधी काळी त्यांनाच विचारले होते. काकू म्हणाल्या होत्या, पाटीवरचे वहीत उतरवणे.

वैजनाथ हा काकूंचा पुतण्या, धाकट्या दिरांचा मुलगा. जामखेडच्या बाहेर, खर्ड्याच्या रस्त्याला काकूंच्या घरामागच्या जागेत त्याने कोंबडीची अंडी उबवायचे केंद्र काढले. अंडी अठरा-एकोणीस दिवस यंत्रात राहतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस एका मोठ्या कपाटात, तिथे पिल्ले बाहेर पडतात. यंत्रात काय की कपाटात काय, उष्णता दोन अंशांनी इकडची तिकडे झाली तर खेळ संपतो. पूर्वी अशा ठिकाणी माणूस पाळीने बसून काटा बघत असे. वैजनाथने माणसाऐवजी भिंतीवर एक पांढरी पेटी लावली. उष्णता चढली की ती पेटी इंटरनेटवरून वैजनाथच्या आणि ज्योतीच्या फोनवर ठणाणा करणार. म्हणजे पेटीचा भार राउटरवर, आणि राउटर बसवायचे काम रामहरीकडे.

ज्योतीला तिथे कामाला लावले तेही रामहरीनेच. ती झुंबरबाईच्या माहेरच्या गावची. नवरा सहादेव, मुलगी सृष्टी पाचवीत. नऊ हंगाम दोघांनी ऊस तोडला होता. तोडणीच्या मुकादमाला नवरा-बायकोची जोडी लागते, जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला कुणी धरत नाही. ज्योतीला बारमाही काम मिळाले, सहादेव गावातच हमाली करू लागला आणि कोयता छपरात खोचला गेला. सृष्टीच्या नावापुढची रेघ यंदा पहिल्यांदाच पडणार नव्हती. संध्याकाळी ती काकूंकडे इंग्रजी वाचायला यायची, आणि वाचून झाले की दोन पोळ्या तूप-गूळ लावून खायची.

केंद्र सुरू झाले ते तीस एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला. भटजींनी अकरा चाळीसची वेळ दिली होती. रामहरी सकाळी आठपासून कार्यालयात बसला होता. आधी त्याने राउटर बाहेरच्या लाइनीला जोडला, कार्यालयाच्या वाय-फायला नाव आणि पासवर्ड दिला आणि एवढे सेव्ह केले. मग दुसरा भाग. कामगारांच्या फोनवरच्या व्हिडिओंनी यंत्रांची वाट अडू नये म्हणून यंत्रांसाठी वेगळी वाट काढली, प्रत्येक यंत्राला पक्का क्रमांक दिला, पांढऱ्या पेटीला बाहेर बोलायची मुभा दिली. रस्त्यात लाइन तुटलीच तर सिमकार्डावरून चालेल अशी सोयही केली. त्या राउटरची एक खोड होती. दिलेली आज्ञा तो त्याच क्षणी पाळायचा, पण वेगळ्या पानावर जाऊन सेव्ह केले नाही तर वीज गेल्यावर ती विसरायचा. रामहरीला ही खोड माहीत होती. पिन उपटून शंभर मोजायची सवय त्याने अशाच यंत्रांमुळे लावून घेतली होती. हातून काही निसटलेच तर ते तिथे उघडे पडायचे.

दुसरा भाग होत आला आणि बाहेर घाई उठली. वैजनाथ दारात येऊन उभा राहिला, अंड्यांचे पहिले ट्रे तयार होते, भटजी घड्याळ बघत होते. रामहरीने पेटीवर गरम पाण्याची बाटली धरून पाहिली, दोन्ही फोन ठणाणले, बायकांनी कौतुकाने हसून बघितले. तेवढ्यात त्याला हाताला धरून नारळाकडे नेले. नारळ फुटला, ट्रे आत गेले, पेढे वाटले. रामहरी पुन्हा कार्यालयाकडे वळला.

"शेठ, आता येकदा बंद करून बघतो," तो म्हणाला.

"मुहूर्तावर चालू झालेलं बंद करतो?" वैजनाथ म्हणाला. "आत्ता तर नारळ फुटला. डोकं ठिकानावर हाय का तुझं? उद्या ये, परवा ये, मग काय करायचं ते कर."

चार पाहुणे हसले. भटजींनीही मान हलवली. सुरू झालेले काम त्याच घटकेला मोडायचे नसते हे रामहरीलाही लहानपणापासून ठाऊक होतेच. फडातसुद्धा पहिली मोळी बांधली की ती सोडत नाहीत. राहीकाकूंनी त्याच्या हातात कप दिला आणि त्याने तो घेतला. ज्योती जवळ उभी होती. तिने विचारले, हे कधी अडकले तर काय करायचे.

"अडकलं तर बंद करायचं, शंभर मोजायचे आन् चालू करायचं. काय व्हत न्हाई त्याला."

दुसऱ्या दिवशी तो कर्जतला एका पतसंस्थेच्या कामावर गेला, तिथे चार दिवस लागले. मग झुंबरबाईचा डोळा, मग पाऊस. केंद्रातून तक्रार आली नाही. आली नाही म्हणून गेला नाही. केंद्राला इन्व्हर्टर होता, वर जनरेटर, त्यामुळे गावात कितीही वेळा वीज गेली तरी राउटर पाच महिने एकदाही विझला नाही. पेटी तीनदा ठणाणली, तिन्ही वेळा ज्योती पळत जाऊन पंखा ठीक करून आली. वैजनाथ लोकांना सांगायचा, माझ्याकडे भिंत जागी असते.

एक ऑक्टोबरला खंडेनवमी होती. शस्त्रे पुजायची तशी आता यंत्रे पुजतात. वैजनाथने सांगितले, सगळे पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडू घालून घ्या. अंडी आत असल्यामुळे उबवण यंत्रांना हात लावता येत नव्हता. ज्योतीने संगणक बंद केला, वजनकाटा बंद केला, आणि राउटर बंद केला. पाच महिन्यांची धूळ फडक्याने पुसली, कोरडे कुंकू बोटाने टेकवले, मग चालू केला. दिवे एकेक करून हिरवे झाले. तिच्या फोनवर वाय-फायची खूण आली. तिने वर झेंडूची माळ घातली.

राउटरला कार्यालय आठवत होते. यंत्रांची वाट, पेटीची मुभा, सिमकार्ड, सगळे तो विसरला होता. बाहेरून बघणाऱ्याला ते कळणार कसे? फोन चालत होते, व्हिडिओ चालत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी तीनला वैजनाथने ज्योतीला घरी जायला सांगितले. सण आहे, काही झाले तर फोनवर कळतेच की. कपाटात विसाव्या दिवसाची नऊ हजार अंडी होती, पिल्ले आतून टरफले टोचायला लागली होती. वैजनाथ कुटुंबासह शिवेवर सोने लुटायला गेला. त्या संध्याकाळी कधीतरी कपाटाची हवा बाहेर टाकणारा पंखा अडकला. कपाटावर एक छोटा भोंगा होता, शेजारच्या खोलीत माणूस असेल तर ऐकू जाईल एवढा. शेजारच्या खोलीत कोणी नव्हते. पेटी बोलत राहिली असेल, तिचे बोलणे राउटरपाशी येऊन थांबत होते. ज्योतीने सणाच्या गडबडीत चारदा फोन काढून बघितला. फोन गप्प होता, म्हणजे सगळे ठीक होते.

सकाळी सहाला तिने दार उघडले. त्या दिवशी दारातूनच चिवचिव ऐकू यायला हवी होती.

रामहरी दुपारी पोचला तेव्हा कामगार गोण्या भरून मागच्या खड्ड्याकडे नेत होते. वास कार्यालयापर्यंत येत होता. झेंडूची माळ अजून राउटरवर होती, ती त्याने बाजूला ठेवली आणि लॅपटॉप जोडला. आतल्या पानावर शेवटचे सेव्ह कधी केले त्याची वेळ असते. ३० एप्रिल, सकाळी १० वाजून ५२ मिनिटे. त्याखाली काही नव्हते. नारळ अकरा चाळीसला फुटला होता. त्या दोन वेळांमधले त्याचे सगळे काम पाटीवरच राहिले होते.

हे बघणारा तिथे तो एकटाच होता. जामखेडात आणखी कुणाला ते पान वाचताही आले नसते. त्याने पंधरा मिनिटांत सगळे पुन्हा भरले, पेटी बोलती केली आणि या वेळी सेव्ह केले. जुनी वेळ पुसली गेली आणि तिथे आजची तारीख आली. मग त्याने लॅपटॉप मिटला. नंतर त्याने काकूंना सांगितले की ती जुनी वेळ पुसताना हात जराही अडखळला नाही, आणि आता त्याला सगळ्यात जास्त तेच आठवते.

वैजनाथ आत आला. मागे ज्योती होती, पदराने नाक धरून. वैजनाथने विचारले, काय झाले होते? रामहरी म्हणाला, पेटीची वाट बंद पडली होती. कशाने? हिने परवा राउटर बंद केला होता, माळ घालायला.

"येका शब्दात सांग," वैजनाथ म्हणाला. "बंद केल्यानं गेलं का?"

"बंद केल्यानंच गेलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ज्योतीने नाकावरचा पदर काढला.

"भाऊ, तुमीच म्हनला व्हता ना, बंद करून चालू केलं तर काय व्हत न्हाई?"

रामहरी पिशवीत वायरी भरत होता. तो म्हणाला, ते अडकले तर. आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडला. काकू पडवीत चहा घेऊन उभ्या होत्या. त्याने हाताने नको म्हटले, काम पुरे व्हायचे असताना करायचा तसेच.

त्यानंतरचे दिवस त्याने विचित्र काढले. बत्तीसच्या बत्तीस ठिकाणी तो न बोलावता गेला. सराफाकडे, लॅबमध्ये, पंपावर. जायचा, पिन उपटायचा, शंभर मोजायचा, लावायचा. सगळीकडे सगळे परत यायचे. सेव्ह न केलेले एकही निघाले नाही. लोक म्हणाले, काय माणूस आहे, एवढी काळजी कोण घेतो. त्याने एकाही ठिकाणी चहा घेतला नाही.

मनाशी त्याने हिशेब मांडला होता, की वैजनाथचा राग दिवाळीपर्यंत निवेल आणि तो ज्योतीला परत बोलावेल. सांगितले तर काय होईल तेही त्याला दिसत होते. रामहरीच्या हातून नऊ हजार पिल्ले गेली, ही बातमी संध्याकाळच्या आत बत्तीस ठिकाणी पोचली असती. खांबावरून उतरलेला माणूस पुन्हा खांबावर, किंवा त्याच्याही मागे.

झुंबरबाईला त्याने आठव्या दिवशी सांगितले, तिने ताट पुढे सरकवले आणि याने परत सरकवले तेव्हा. म्हातारीने ऐकून घेतले. तिच्या उजव्या हाताचे मधले बोट पेराशी तुटलेले आहे, ते ती चोळत बसली.

"तुझी चूक तिच्या डोक्यावर दिली की रं, मोळीवानी," ती म्हणाली.

तो म्हणाला, दिवाळीनंतर शेठ तिला घेईल.

"दिवाळीनंतर टरक येतो, रामा. शेठ येत न्हाई."

तिला या महिन्यांचा क्रम कुणी शिकवायला नको होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या भाकरी तिने झाकून ठेवल्या आणि स्वतः शेजारी जाऊन बसली. असे ती पूर्वी कधी करत नसे.

भाऊबीज झाल्यावर, पंचवीस तारखेला, राहीकाकूंनी रामहरीला फोन करून बोलावले. इंटरनेट हळू चालते म्हणाल्या. तो आला तेव्हा इंटरनेट ठीक चालत होते. टेबलावर डायरी उघडी ठेवलेली होती, पानावर चष्म्याची पेटी. काकूंनी पेटी उचलली आणि खुर्ची पुढे केली.

३० एप्रिल २०२५, बुधवार, अक्षय्य तृतीया. ऊन फार. ११.४० ला नारळ. त्यानंतर रामहरीला राउटर एकदा बंद करून बघायचा होता, वैजनाथने करू दिला नाही. रामहरीने चहा घेतला. ज्योतीला म्हणाला, अडकला तर बंद करून चालू करायचा, काही होत नाही. आंबे दोन डझन आणले, चार खराब निघाले.

रामहरीने ते दोनदा वाचले. मग आंब्यांची ओळही पुन्हा वाचली.

"काकू, म्या सेव्ह केलं नव्हतं."

काकू म्हणाल्या, ते मला कळणारे नव्हते, पण चहा मला कळला होता. मग त्या म्हणाल्या, की पिल्ले मेली त्याच दुपारी त्यांना हे पान आठवले होते. डायरी कपाटात खालच्या फळीवर होती. ती काढायला त्यांना बावीस दिवस लागले. वैजनाथ त्यांना दवाखान्यात नेतो, सिलिंडर लावतो, रोज सकाळी दारातून हाक मारतो. त्याने अडवले होते हे त्याच्या तोंडावर म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही, आणि तोवर रोज संध्याकाळी सृष्टी समोर बसून वाचत होती. हे त्यांनी सांगितले तेव्हा त्यांचा आवाज हलला नाही. रामहरीला वाटले होते की बोलणी आपण खायला आलो आहोत. तसे झाले नाही. तिथे दोघे बसले होते आणि दोघांनाही उठवत नव्हते.

शेवटी तो उठला आणि सरळ मागे केंद्रात गेला. वैजनाथ एकटाच होता. रामहरीने उभ्यानेच सगळे सांगितले, सकाळचे दहा बावन्न, सेव्ह, पुसलेली तारीख. वैजनाथ पेन फिरवत ऐकत राहिला. तो भडकेल अशी रामहरीची तयारी होती. तो भडकला नाही.

"मी तुला अडवलं हे मला आठवत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "त्याच दिवशी आठवलं. कुनाचं तरी नाव लागायला पाहिजे व्हतं, लागलं. आता तिच्या जागी दुसरी बाई हाय, पंधरा दिवस झाले. हिला परत आनली तर ते नाव माझ्यावर येतं, न्हाईतर तुझ्यावर. तुझ्यावर आलं तर माझा राउटर कोन बघनार? बस खाली. चहा घे."

रामहरी बसला नाही.

ज्योतीची खोली नव्या वस्तीत, पत्र्याची. तो पोचला तेव्हा अंधारायला आले होते. स्टो, दोन पातेली, गोधड्या गाठोड्यात बांधलेल्या. सहादेव दारात बसून कानशीने कोयत्याला धार लावत होता. छपरात खोचलेल्या कोयत्याला गंज चढला होता, पात्याची कड फक्त पांढरी निघाली होती. रामहरीने तिथेही उभ्यानेच सांगितले. सहादेवचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

ज्योती गाठ आवळत होती. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, भाऊ. मी शंभर मोजलं व्हतं. तुमी सांगितलं तसं, येक बी कमी न्हाई."

तो म्हणाला, लॅबमध्ये साफसफाईला बाई पाहिजे आहे, मी उद्या विचारतो, चार दिवस थांबा. ती म्हणाली, मुकादमाकडे जोडीचे नाव दिले आहे, सोमवारी ट्रक आहे, एक जोडी गळाली तर बाकीच्या टोळीने काय करायचे. आवाजात राग नव्हता. थांबायला सांगणारा माणूस थांबायच्या वेळी आला नाही, एवढेच तिच्या तोंडावर होते. मग तिने गाठीवरचा हात काढला आणि विचारले, कोपरगावाकडे फडात रेंज असते का? राहीकाकू म्हणाल्या आहेत, संध्याकाळी सृष्टीला फोनवर वाचायला घेतील.

सृष्टी भिंतीशी बसून पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालत होती. तिने मान वर केली.

रामहरीला असते म्हणता आले असते. फडात खांब नाहीत, कोपीत फोन भरायला वीज नाही, आणि संध्याकाळी बायका गाडी भरत असतात, हे त्याच्याइतके तिथे कुणालाच माहीत नव्हते. खरे तर ज्योतीलाही माहीत असणार. तिने मुलीसमोर मुद्दाम विचारले होते.

"न्हाई," तो म्हणाला. "फडात रेंज नसती."

ज्योतीने मान हलवली. सृष्टीने कव्हराची कड नखाने दाबून बसवली.

सोमवारी सत्तावीस तारखेला सकाळी साडेसातला ट्रक खर्ड्याच्या रस्त्याने आला. त्यात दहा-बारा कुटुंबे होती, वर बांबू, पत्र्याच्या पेट्या, एक शेळी. काकू फाटकात उभ्या होत्या. सृष्टीचे इंग्रजीचे पुस्तक त्यांच्याकडे राहिले होते, ते त्यांनी वर दिले. रामहरी रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकलवर बसला होता, तो उतरला नाही. ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि पेट्रोल पंपावर गेला. तिथला राउटर काल संध्याकाळपासून अडकत होता. तो त्याने बंद केला, शंभर मोजले, चालू केला. मालकाने चहा मागवला होता. तो तसाच टेबलावर राहिला.

अजूनही तो सगळीकडे जातो, काम पूर्वीइतकेच नेटके करतो. चहा मात्र कुणाकडेच घेत नाही, आणि गावात आता म्हणतात, रामहरीला गर्व झाला आहे. झुंबरबाई त्याच्याशी बोलते, पण कोपरगावचे नाव निघाले की उठून जाते. केंद्रात नवी बाई लागली आहे, पेटी तिच्या फोनवर ठणाणते.

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार. थंडी सुरू. सकाळी ट्रक गेला. वैजनाथने सिलिंडर बदलून दिला. दिवाळीचे दिवे धुऊन डब्यात ठेवले. सवयीने पोळ्या चार केल्या. दोन उरल्या.